तालमीनंतरचा तंबोरा

पहाटे चारला तालीम, संध्याकाळी पुन्हा आखाडा. मधली दुपार माझ्या तंबोऱ्याची. तो घेतला मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. कारागीर काकांनी आधी माझी जाडजूड बोटं पाहिली. "पैलवान, तार ओढायची नाही, नुसती सोडायची." मग घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासत, तारेखालचा सुती दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत जवारी, म्हणजे तारेचा घुमारदार नाद, काढली. दोरा जागेवर बसला आणि खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, थेट छातीत घुमला. अंगावर काटा आला! भोपळा पंढरपूरकडचा, चांगला वाळलेला. आठवड्याचं सांगून महिना लावला, एवढीच तक्रार. खोळ मात्र जाड कापडाची वेगळी शिवून घ्या, दुकानातली फारच पातळ आहे.