जुन्या सैनिकी बिल्ल्यांची पारख : भिंग, डिजिटल सूक्ष्मदर्शक आणि वजनकाटा यांचा काही महिन्यांचा अनुभव

ब्रिटिशकालीन हिंदी पलटणींचे बिल्ले जमवताना प्रत्येक खरेदीच्या वेळी दोन प्रश्न समोर येतात. बिल्ला घडवला कसा, हा पहिला. आणि ज्या काळाचा म्हणून तो विकला जात आहे, त्या काळात तो असू शकतो का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नासाठी मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तीन साधने घेतली: सराफ वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग, लॅपटॉपला जोडायचा डिजिटल सूक्ष्मदर्शक आणि शतांश ग्रॅमपर्यंत आकडा दाखवणारा छोटा वजनकाटा. तेव्हापासून जुन्या बाजारात घेतलेला आणि संग्रहात आधीपासून असलेला जवळजवळ प्रत्येक बिल्ला या साधनांखालून गेला आहे.

सूक्ष्मदर्शकाच्या खोक्यावर हजारपट मोठे दाखवण्याचा दावा असतो, त्यावर जाऊ नये. बिल्ल्यासाठी वीस ते पन्नासपट पुरते. त्यापुढे प्रतिमा पसरट होते आणि कळण्यासारखे नवे काही उरत नाही. सोबतचा स्टँड हलका असतो, म्हणून तो जड फळीला स्क्रूने बसवावा. खरी अडचण प्रकाशाची आहे. घासून चकचकीत झालेल्या पितळेवर आतल्या दिव्यांचे पांढरे ठिपके उमटतात आणि नेमकी पाहायची जागा झाकली जाते. भिंगाभोवती बटर पेपरची पट्टी गुंडाळून बाजूने टेबलावरच्या दिव्याचा तिरपा उजेड दिला की पृष्ठभाग व्यवस्थित वाचता येतो.

या उजेडात ठशाने उठवलेला आणि ओतीव बिल्ला यांतला फरक बहुतेक वेळा स्पष्ट दिसतो. पितळी पत्र्यावर ठसा मारलेला असेल तर मागच्या बाजूला पुढच्या नक्षीची उलटी खोलगट आकृती असते, अक्षरांच्या तळाशी कोपरे धारदार असतात आणि मधली भोके कापताना कडेवर पडलेल्या उभ्या, समांतर रेषा दिसतात. ओतीव बिल्ल्यात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, रवाळ पोत, साच्याच्या जोडाची रेघ आणि भोकांच्या आत कानशीचे आडवेतिडवे ओरखडे सापडतात. शिवाय पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आक्रसते, त्यामुळे अस्सल बिल्ल्यावरून साचा काढून ओतलेली नक्कल मुळापेक्षा किंचित लहान निघते. पंचेचाळीस मिलिमीटरच्या बिल्ल्यात हा फरक पाऊण मिलिमीटरच्या आसपास जातो आणि व्हर्नियर कॅलिपरने तो सहज मोजता येतो. मात्र तुलनेसाठी खात्रीचा बिल्ला हाताशी असावा लागतो.

वजनकाट्याने मला अपेक्षेपेक्षा अधिक दिले. बिल्ल्याचे कोरडे वजन घ्यावे, मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करावा आणि दोऱ्याला बांधलेला बिल्ला तळाला किंवा कडेला न टेकवता पूर्ण बुडवावा. दिसणारा आकडा म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरडे वजन त्याने भागले की घनता मिळते: 16.80 ग्रॅमच्या बिल्ल्याने 1.98 आकडा दाखवला, तर घनता सुमारे 8.5 येते आणि ते पितळेशी जुळते. जस्ताच्या मिश्रधातूवर पितळी मुलामा दिलेली नक्कल 6.7 च्या जवळपास थांबते, तर अधिकाऱ्यांच्या बिल्ल्यांची स्टर्लिंग चांदी 10.3 च्या पुढे जाते. पोकळ पाठीत आणि स्लायडरच्या (बिल्ला टोपीत खोचण्यासाठी मागे जोडलेल्या धातूच्या पट्टीच्या) दुमडीत हवेचे बुडबुडे अडकतात, म्हणून पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब घालावा. दशांश ग्रॅमचा काटा या कामाला निरुपयोगी आहे.

एवढे झाले की ओतीव दिसेल ते बनावट, असे ठरवून टाकण्याचा मोह होतो, आणि परदेशी संग्राहकांचा बहुतेक सल्ला तसाच असतो. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून ठशावर निघालेल्या ब्रिटिश बिल्ल्यांबाबत तो बऱ्याच अंशी खरा आहे. आपल्याकडच्या पलटणींचे बिल्ले मात्र अनेकदा छावणीजवळच्या बाजारात, स्थानिक कारागिरांकडून ओतून किंवा पत्रा कापून करवून घेतले जात. ते त्या काळी खरोखर टोपीवर आणि फेट्यावर मिरवले गेले. ते खडबडीत आहेत म्हणून त्यांना खोटे म्हणणे हा त्या कारागिरांवर आणि त्या सैनिकांवर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. कसबा पेठेतल्या तांबट आळीत धातूवर काम करणाऱ्या एका वयस्क कारागिराला मी असे बिल्ले दाखवले. त्यांनी नक्षीकडे पाहण्याआधी बिल्ला उलटा केला आणि मागच्या कड्यांच्या जोडावर बोट ठेवले. तेव्हापासून सूक्ष्मदर्शकाखाली मीही आधी जोडच पाहतो. जुनी झाळ घट्ट, पातळ आणि भोवतीच्या धातूसारखीच मळलेली असते. शिशाच्या डाखाचा चकचकीत गोळा दिसला, तर कडे निदान नंतर बसवलेले आहे एवढे तरी निश्चित होते.

दुसऱ्या प्रश्नाला काटा आणि भिंग उत्तर देत नाहीत, तिथे पलटणीचा इतिहासच लागतो. 103 मराठा लाइट इन्फंट्री हे नाव हिंदी सैन्याच्या 1903 च्या फेररचनेत आले आणि 1922 मध्ये ती पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली. म्हणून 103 आकड्याच्या बिल्ल्यावर मुकुट असेल, तर तो राणी व्हिक्टोरियानंतरच्या राजांच्या काळातला, म्हणजे 1901 नंतरचा, वर घुमटासारख्या उचललेल्या कमानींचा असायला हवा. मधोमध दबलेल्या कमानींचा मुकुट राणी एलिझाबेथच्या काळात, 1952 नंतर रूढ झाला, आणि भारत तर 26 जानेवारी 1950 ला प्रजासत्ताक होऊन बिल्ल्यांवर अशोकस्तंभाचे सिंह आले होते. 1948 मध्ये ब्रिटिश सैन्यात गेलेल्या चार गुरखा रेजिमेंट हा यातला अपवाद. घनता अचूक पितळेची आणि काम सुबक असूनही मुकुट चुकीचा, असे बिल्ले मी बाजारात पाहिले आहेत.

कापडी बिल्ल्यांसाठी अतिनील टॉर्चही वापरून पाहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आलेली धाग्यांतली, कापड उजळवणारी रसायने त्याखाली निळसर चमकतात, पण जुने कापड आधुनिक साबणाने धुतले असेल तर तेही चमकते, त्यामुळे त्यावर मी फारसा विसंबत नाही.

पैसे बेताचे असतील तर आधी भिंग घ्यावे, मग काटा. सूक्ष्मदर्शकाचा मोठा उपयोग छायाचित्रे जपून ठेवून दोन बिल्ले शेजारी-शेजारी ताडून पाहण्यात आहे. मूळ ठशावरूनच नंतर मारलेले बिल्ले हे या साऱ्या साधनांपुढचे सर्वांत कठीण प्रकरण आहे, कारण त्यांत धातू योग्य, धार योग्य आणि मापही योग्य असते. गंजलेल्या ठशाच्या खड्ड्यांमुळे पृष्ठभागावर उठलेले बारीक फुगीर ठिपके, ठशाला गेलेल्या तड्याची उंचावलेली रेघ आणि जाड, ताठ, कोरा स्लायडर या खुणा एकत्र आल्या, तर मी तो बिल्ला नंतरचा धरतो, तशी नोंद त्याच्या पाकिटावर करतो आणि विक्रेत्याला किंमतही तेवढीच देतो.