१६ टीबीच्या डबीत ६४ जीबी

साखर कारखान्याच्या अकाउंट्सला बत्तीस वर्षं काढली. व्हाउचर हातात घेतल्याशिवाय कधी सही केली नाही. आणि निवृत्त झाल्यावर २,२९९ रुपयांच्या एका डबीने, म्हणजे फोटो साठवायच्या नकली डिस्कने, मला असं गंडवलं की घरात अजून तो विषय निघाला की मी उठून अंगणात जातो. परवा कट्ट्यावरच्या दोघांनी तसलीच डिस्क मागवल्याचं कळलं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

आमचं जुनं घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले, तेव्हा खालच्या कपाटातले अल्बम आठवडाभर पाण्यात होते. पूर ओसरल्यावर बायको आणि मी परातीत स्वच्छ पाणी घेऊन बसलो. चिकटलेले फोटो पाण्यात सोडायचे, हलक्या हाताने एकेक सुटा करायचा आणि सावलीत दोरीवर वाळत घालायचा. बरेच गेले. उरले ते पुढच्या दोन वर्षांत मी स्कॅन केले. स्कॅन झालेत म्हणताना बुरशी धरलेले मूळ फोटो मीच टाकून दिले. हे वाक्य लिहितानाही हात थांबतो.

घरातले मोबाइल, पोरांचे कॅमेरे आणि हे स्कॅन मिळून ४१,००० फोटो झाले, ३१० जीबी. वर्षवार फोल्डर केले, २००४ पासून पुढे, आणि स्कॅनचं 'जुने अल्बम' म्हणून वेगळं. लॅपटॉप गच्च भरला. गूगल फोटोजची फुकटची सोय १ जून २०२१ पासून बंद झालेली, १५ जीबीच्या वर पैसे मोजा. तेवढ्यात एका मोठ्या ऑनलाइन दुकानात ही डिस्क दिसली. १६ टीबी, म्हणजे सोळा हजार जीबी, काड्यापेटीएवढी, वर चकचकीत धातूचं कव्हर. बायको म्हणाली, "अहो, एवढं स्वस्तात कसं देतात?" मी तिला तंत्रज्ञान कसं दिवसेंदिवस स्वस्त होत चाललंय ते समजावून सांगितलं.

खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्क पाच-सहा टीबीच्या पुढे जातच नाहीत, आणि दोन टीबीची खरी डिस्कसुद्धा दोन हजारांत येत नाही. एका फोनवर कळलं असतं. मी रिव्ह्यू वाचले. चारच्या वर तारे. 'डिलिव्हरी फास्ट', 'पूर्ण १६ टीबी दाखवते'. दाखवतेच! पहिल्या दिवशी कोण भरून बघतो?

डिस्क जोडली तर संगणक १४.५ टीबी म्हणाला. कमी का, म्हणून शोधलं, तर कंपन्या १००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून आकडा तेवढाच यायला हवा. इतकं बेमालूम खोटं. रात्री नऊला कॉपी लावली, पहाटे संपली. २००४ चं फोल्डर उघडून वीसेक फोटो बघितले, सगळे ठणठणीत. एकूण फायलींचा आकडाही जुळला. बेरीज जुळली म्हणजे खातं बरोबर, असं समजून मी लॅपटॉप रिकामा केला. व्हाउचर न बघता केलेली ती पहिली सही.

चार महिन्यांनी पुतणीच्या लग्नात जुने फोटो पडद्यावर दाखवायचे ठरले. 'जुने अल्बम' उघडलं. नावं आहेत, प्रत्येकापुढे ४-५ एमबी लिहिलेलं आहे, पण चित्र नाही. एकावर क्लिक केलं की फाइल उघडता येत नाही. दुसऱ्यावर तेच. २००७ च्या फोल्डरमध्ये अधेमधे एक फोटो निम्मा दिसे, खाली करडी पट्टी. त्याच्यापुढे काहीच नाही.

भाच्याने सुरीने कव्हर उचकटलं. आत बोटाच्या नखाएवढं मेमरी कार्ड गरम गोंदाने चिकटवलेलं, आणि वजन वाटावं म्हणून दोन लोखंडी नट. "मामा, कार्ड ६४ जीबीचं आहे. डिस्कला फक्त १६ टीबी म्हणायला शिकवलंय." ६४ जीबी भरेपर्यंत डिस्क इमानदारीत लिहिते. त्यानंतर येईल ते 'घेतलं' म्हणते आणि सोडून देते. नावांची यादी सुरुवातीच्या जागेत असते, म्हणून ती शाबूत राहते. काही डिस्क उलटं करतात, नवं आलं की जुन्यावरच गिरवतात. कॉपी करताना आकडी नावं आधी गेली आणि देवनागरीतलं 'जुने अल्बम' सगळ्यात शेवटी. म्हणजे जे सगळ्यात मोलाचं होतं, ते कुठेच लिहिलं गेलं नाही.

एवढ्यावर भागलं नाही. डेटा परत आणून देतो म्हणणाऱ्या एका दुकानाने ३,००० आगाऊ घेतले आणि नंतर १५,००० सांगितले. जे लिहिलंच गेलं नाही ते परत कुठून येणार, हे भाच्याने सांगितलं तेव्हा मी गप्प बसलो. डिस्कचे पैसे ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केल्यावर परत मिळाले. विक्रेत्याचं पान तोवर गायब झालं होतं. दुकानाला दिलेले ३,००० बुडाले.

तुम्ही डिस्क घेतली असेल तर फोटो टाकायच्या आधी ती तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे. तो डिस्कवर लिहितो आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतो. लिनक्सवर आणि मॅकवर एफ३ तेच काम करतो. घाई असेल तर व्हॅलिड्राइव्ह, तो मधल्या मधल्या जागा चाचपून थोड्या वेळात सांगतो. नुसतं फॉरमॅट करून हे खोटं पकडलं जात नाही. आणि उघडून बघायचं ते शेवटचं फोल्डर. लॅपटॉपमधलं पुसायचं तर दुसरीकडे दोन प्रती झाल्यावरच, त्यातली एक दुसऱ्या घरी. आमच्याकडे पूर येतो, म्हणून माझी आता विश्रामबागेत बहिणीकडे असते. अशा डिस्कचं सध्या पेव फुटलंय, नाव दर आठवड्याला बदलतं.

पेवावरून आठवलं. त्या अल्बममध्ये वडिलांचा एक फोटो होता. हरिपुरात हळदीच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात, उतरलेले, जमिनीवर फक्त डोकं आणि खांदे, पिवळ्या धुळीने भुवया भरलेल्या. पुरातून वाचलेल्यांतला तो सगळ्यात स्वच्छ. स्कॅन केला त्याच दिवशी मी तो आत्याला व्हॉट्सअॅपवर धाडला होता. गेल्या महिन्यात तासगावला तिच्या फोनवर तो सापडला. ८६ केबी. लहान असताना बरा दिसतो. मोठा करायला गेलं की वडिलांच्या चेहऱ्याचे चौकोन होतात.