पांढरी एर्टिगा, पांढरी पाटी

मारुतीची सात सीटांची एर्टिगा घेतोय म्हटल्यावर ऑफिसात पहिला प्रश्न आला, "टुरिस्टला लावणार काय?" दुसऱ्यानं सल्ला दिला की तेवढ्याच पैशात झकास एसयूव्ही येते. येते, मान्य. पण आमच्या घरात आई, आत्या, आम्ही दोघं आणि दोन पोरं आहेत. त्या एसयूव्हीत पाच जण बसतात, आणि पाचवा कसा बसतो ते मधे बसणाऱ्यालाच विचारावं. वॅगनआर होती तोवर जोतिबाला जायचं ठरलं की कोण घरी थांबणार यावरून आधी वाद व्हायचा.

टुरिस्टवाल्यांची गाडी म्हणून लोक नाक मुरडतात, मला उलट त्याचाच भरवसा वाटला. स्वतःच्या पोटापाण्यासाठी गाडी घेणारा माणूस सनरूफ बघून भुलत नाही. कंपनी हीच गाडी टॅक्सीसाठी टूर एम नावानं विकते आणि टोयोटा 2023 पासून रुमिअन म्हणून. कोल्हापुरात कावळा नाक्यावर पिवळ्या पाटीच्या एका एर्टिगावाल्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, "साहेब, गाडी कधी रस्त्यात थांबली नाही पायजे आणि मागचं गिऱ्हाईक कुरकुरलं नाही पायजे. बाकी काय बघत नाही आम्ही." शोरूममधल्या अर्ध्या तासाच्या माहितीत एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही रंग पांढरा घेतला. उन्हात कमी तापते हे माझं कारण, शुभ दिसतो हे आईचं. परिणाम असा की मी नाक्यावर कुणाची वाट बघत थांबलो की काचेवर टकटक होते, "पुणं काय?" पाटी पांढरी आहे हे दाखवावं लागतं. बायकोला अजून हसू येतं. तिला निळा हवा होता.

आता मुख्य परीक्षा. ती मी स्टिअरिंगवर बसून घेतली नाही, आईला मधल्या सीटवर बसवून घेतली. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. गाडीकडे पाठ करायची, आधी सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घ्यायचे, असं डॉक्टरांनी शिकवलंय. उंच एसयूव्हीत तिला टेकताच येईना. पाय वर टाकायचा, एक हात दाराला, एक माझ्या खांद्यावर, आणि तोंडानं "आई अंबाबाई". एर्टिगात सीटची उंची तिच्या कमरेला बरोबर आली. टेकली, वळली, आत. मधली रांग मागे सरकते, त्यामुळे पाय लांब करता येतात. सेल्समन बिचारा टचस्क्रीनवर मोबाईल जोडून दाखवत होता, आणि आमचा निर्णय मागच्या दारात झाला होता.

तुलनेसाठी किआ कॅरेन्सही बघितली. तिच्या काही मॉडेलांत बटण दाबलं की मधली सीट दुमडून पुढे पडते आणि शेवटच्या रांगेत जायला ऐसपैस वाट होते. एर्टिगात सीट पुढे सरकवून, वाकून, अंग चोरून शिरावं लागतं. तिसऱ्या रांगेत तुमच्याकडे मोठी माणसं बसणार असतील तर कॅरेन्स जरूर बघा. आमच्याकडे तिथं पोरं बसतात आणि त्यांना शिरण्यातच मजा येते. मारुतीचीच एक्सएल6 तर आत्याला फारच आवडली होती, मधे दोन सुट्या खुर्च्या, दोन्ही बाजूंना हात टेकायला. पण ती सहाच जणांची. इस्लामपूरची बहीण आली की पुन्हा तेच वाद.

सीएनजी की पेट्रोल यावर घरात बराच खल झाला. कंपनीचे आकडे असे: पेट्रोल मॅन्युअल लिटरला 20.51 किलोमीटर, सीएनजी किलोला 26.11. कागदावर सीएनजी सरळ जिंकते, आणि रोज लांब पल्ला असेल तर तीच घ्यावी. पण सीएनजीच्या पंपावर गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरायला सांगतात. योग्यच आहे ते. आता हे आमच्यावर लावून बघा: भर दुपारी हायवेवर रांग, नंबर आला की आईला उतरवा, आत्याला उतरवा, झोपलेल्या पोराला उचला, दोन मिनिटांत गॅस भरून झाला की पुन्हा तीच टेकली-वळली-आत. शिवाय बाटला डिकीत. तिन्ही रांगा उभ्या असताना डिकी आधीच 209 लिटरची, म्हणजे दोन मध्यम बॅगा आणि चपलांची पिशवी. त्यात बाटला आला तर सामान मांडीवर. म्हणून पेट्रोल.

चालवायला सरळ, हलकी. इंजिन 1462 सीसीचं, ताकद 102 बीएचपीच्या आसपास. आंबा घाटात सहा माणसं घेऊन ती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये निमूट चढते, पण ओव्हरटेकला जोर मागाल तर आधी गिअर उतरवा. मागं आई बसलेली असताना मला तो जोर लागतच नाही.

खटकलेली गोष्ट सुरक्षेची, आणि ती मी सौम्य करून सांगणार नाही. गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनसीएपी या संस्थेच्या 2019 च्या चाचणीत एर्टिगाला पाचपैकी तीन तारे होते. 2024 मध्ये, नियम कडक झाल्यावर, आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या दोन एअरबॅगवाल्या भारतीय बनावटीच्या एर्टिगाला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला आणि सांगाडा अस्थिर ठरला. 2025 पासून आपल्याकडे सगळ्या मॉडेलांत सहा एअरबॅग आल्या, ती मोठीच सुधारणा, पण एअरबॅगनं सांगाडा बदलत नाही. हे माहीत असूनच घेतली. नव्वदच्या पुढे काटा नेत नाही, आणि शेवटच्या रांगेतल्यांनी पट्टा लावल्याशिवाय गाडी हलत नाही. ज्यांचं रात्री-अपरात्री एक्सप्रेसवेवर सुसाट जाणं आहे त्यांनी दुसरीकडे बघावं.

पैशाचं. आम्ही दसऱ्याला डिलिव्हरी घेतली. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला. छोट्या गाड्यांना 18 टक्के, पण एर्टिगा चार मीटरपेक्षा लांब आणि 1200 सीसीच्या वर, म्हणून तिला 40. आधी सेस धरून 45 होते, तेव्हा पाच टक्के कमी कराचा फायदा आमच्याही पदरात पडला. दुसरी रेघ दहा लाखांची. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला त्याच्या आत 11 टक्के रोड टॅक्स, वर गेलं की 12, आणि वर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आपल्याकडून आगाऊ घेतलेला कर (तो रिटर्न भरताना वळता होतो). मधलं मॉडेल व्हीएक्सआय दहाच्या आत बसलं, त्याच्या वरचं झेडएक्सआय नाही. अलॉय व्हील आणि बटण-स्टार्टसाठी ती रेघ ओलांडावी असं आम्हाला वाटलं नाही.

ज्या शोरूममधून घेतली त्याचं नाव लिहीत नाही. कोटेशनच्या कागदावर "हँडलिंग" नावाची एक ओळ होती. कसलं हँडलिंग, म्हणून विचारलं तर पोरगं मॅनेजरकडे गेलं आणि येताना ओळ खोडून आलं. अ‍ॅक्सेसरीज किटचंही तसंच, मॅट आणि मडफ्लॅप सोडून बाकी सगळं काढायला लावलं. विमा मात्र त्यांच्याकडचा घेतला नाही. तो बाहेरून घेता येतो, आणि शोरूम आपलाच घ्या म्हणून सक्ती करू शकत नाही. बाहेरचं कोटेशन पुढे ठेवल्यावर त्यांचा आकडाही खाली आला होता, पण तोवर आम्ही एजंटला शब्द दिला होता. तुम्ही जाल तेव्हा कागदावरची एकेक ओळ बोट ठेवून विचारा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या, दुपारी, शोरूममध्ये गर्दी नसताना.