ग्रानादात शिकायला येताय? भाड्याआधी हीटर बघा

स्पेनला मास्टर्ससाठी येणारी आपली बरीचशी मुलं माद्रिद नाहीतर बार्सेलोना धरतात. मी दक्षिण स्पेनमधलं, अंदालुसिया प्रांतातलं ग्रानादा घेतलं. तिथल्या भाड्यांचे आकडे बघितले की कुणीही घेईल. आता शैक्षणिक वर्ष संपत आलंय. शहराला पैकीच्या पैकी, घरांना मात्र काठावर पास.

अंदालुसिया म्हणजे ऊन, ही समजूत नोव्हेंबरपर्यंत टिकते. शहर सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि पाठीशी सिएरा नेवादाचा बर्फ. थंडीत रात्री पारा शून्याच्या आसपास येतो. जुन्या इमारती बांधल्यात त्या चाळीस अंशांचा उन्हाळा सोसायला, त्यामुळे हिवाळ्यात दुपारी रस्त्यावर ऊब आणि घरात स्वेटर, असा उलटा प्रकार. सेंट्रल हीटिंग सगळीकडे नसतंच. त्यावर इथल्या लोकांचा जुना तोडगा आहे, ‘मेसा कामिया’: गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं जाड कापड आणि खाली विजेची शेगडी. सगळ्यांनी पाय आत घालून बसायचं. तिथेच अभ्यास, तिथेच जेवण, तिथेच भांडणं. माझं स्पॅनिश वर्गात सुधारलं त्याहून जास्त त्या टेबलाशी सुधारलं. म्हणून सांगते, खोली बघताना दक्षिणेकडची खिडकी, हीटर आणि वीजबिल भाड्यात धरलंय का, हे तीन प्रश्न आधी विचारा. अल्बाइसिन या टेकडीवरच्या जुन्या वस्तीतल्या पांढऱ्या घरांतून दिसणारी आलांब्रा, म्हणजे इथला प्रसिद्ध किल्ला-राजवाडा, फोटोत छान दिसते, पण सामान घेऊन ते दगडी चढ रोज चढायचे असतात.

गरम पाण्यासाठी आमच्याकडे केशरी रंगाचा ब्युटेनचा सिलिंडर आहे, साडेबारा किलोचा. आपल्या १४.२ किलोवाल्यापेक्षा किंचित लहान, पण नेमका डोक्याला शाम्पू लावल्यावर संपायचा गुण तोच.

भाषेचं म्हणाल तर पुण्यात स्पॅनिशची बी-वन ही मधली पातळी करून आले होते. इथे शब्दाच्या शेवटचा ‘स’ खाऊन टाकतात, ‘बुएनोस दियास’चं (शुभ सकाळ) ‘बुएनो दिया’ होतं, आणि वेग असा की वाक्य संपल्यावर ते सुरू कुठे झालं ते कळतं. स्पॅनिश फ्लॅटमेट असले तर दोन-तीन महिन्यांत कान बसतो. सगळे भारतीय एकत्र राहिलात तर पोळीभाजीची सोय होईल, कानाची नाही.

जेवणाचं घड्याळ पुढे सरकलेलं: दुपारी अडीच-तीन, रात्री साडेनऊ-दहा. रात्री जेवून घरी फोन लावावा तर भारतात दीड-दोन वाजलेले, कारण उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. आईशी बोलायची वेळ म्हणजे माझं दुपारचं जेवण.

पेयाबरोबर तापा, म्हणजे खाण्याची छोटी बशी, फुकट, ही ग्रानादाची ख्याती खरी आहे. दारू घेतलीच पाहिजे असं नाही, मोस्तो म्हणजे द्राक्षाचा रस घेतला तरी बशी येते. मात्र ‘मांस नको’ म्हटलं की ट्यूना येतो, म्हणून मासेसुद्धा नकोत हे वेगळं सांगायचं. शाकाहाऱ्यांचा खरा आधार ‘बेरेन्हेनास कोन मिएल’: वांग्याचे तळलेले काप आणि वरून काकवी. ग्रानादाच्या किनारपट्टीवर पूर्वी ऊस व्हायचा, त्याचीच ही आठवण. त्याच किनाऱ्यावरची चिरिमोया शरद ऋतूत बाजारात येते. सीताफळाचीच चुलत बहीण, गर जास्त, बिया कमी. पहिली खाल्ली तेव्हा दौंड-सासवडच्या हद्दीत शिरल्यासारखं वाटलं खरं. कोथिंबीर, जिरं, हळद, चणे यांची अडचण नाही; मोरोक्कन दुकानं आहेत.

कागदपत्रांचं थोडक्यात: सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून एका महिन्यात परदेशी ओळखपत्रासाठी (तिए) अर्ज करायचा. त्याआधी नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्याला भाडेकरार लागतो. काही घरमालक करार द्यायला नाकं मुरडतात. तिथे पैसे भरायच्या आधीच उठून यायचं. अपॉइंटमेंट मिळवणं हा स्वतंत्र छंद आहे. सकाळी उठल्याउठल्या संकेतस्थळ उघडत राहा.

विद्यापीठ १५३१ पासूनचं आहे, पण वातावरण मोकळं. प्राध्यापकांना नावाने हाक मारायची. माझ्या तोंडून ‘सर’ निघायचं थांबायला दिवाळी उलटली. गुण दहापैकी, पास पाचला. सात मिळाले तर घरी सत्तर टक्के म्हणून सांगू नका, इथे सात चांगला शेरा आहे.

विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करता येतं, फक्त ते अभ्यासाच्या आड येता कामा नये. पण ग्रानादात काम म्हणजे मुख्यतः हॉटेलं, बार आणि इंग्रजीच्या शिकवण्या. मोठ्या कंपनीत इंटर्नशिप हवी असेल किंवा स्पॅनिश शिकायची मुळीच इच्छा नसेल, तर जास्त भाडं मोजून माद्रिदलाच जा.