गाडीची सगळी लाईट गेली, नवी बॅटरी घातली तरी परत गेली, शेवटी मार्केट यार्डाजवळच्या अण्णांनी शोधून काढलं

सोलापुरात पिकअप नाहीतर टेम्पो चालवणाऱ्यांसाठी लिहितोय, जरा मोठं होईल पण वाचा, कारण माझे बॅटरीचे साडेसहा हजार आणि दोन दिवस गेले आणि दोष निघाला बोटाएवढ्या जाड केबलमध्ये.

दुकान हैदराबाद रोडला, मार्केट यार्ड सोडून थोडं पुढं गेलं की डाव्या हाताला. दुकानाला नाव नाही, पत्र्यावर पेंटनं नुसतं 'डायनमो, सेल्फ, वायरिंग' असं लिहिलंय, त्यामुळं शोधताना यार्डातल्या कुठल्याही हमालाला 'वायरिंगवाले अण्णा' म्हणून विचारा, लगेच सांगतात. मलाही हमालानंच सांगितलं.

माझी पिकअप २०१८ ची, डिझेल. आमचं गाव नान्नजकडं, द्राक्षबाग आहे आणि कांदा, सीझनला स्वतःचा माल आणतो आणि गावातल्या लोकांचं भाडंही मारतो. संक्रांतीच्या आधी एकदा यार्डात माल उतरवून निघायला म्हणून चावी फिरवली, मीटरच्या लाईटी लागल्या, सेल्फ मारला आणि 'टक्' एवढाच आवाज आला आणि सगळं गेलं. सगळं म्हणजे सगळं, मीटर काळं, हॉर्न नाही, हेडलाईट नाही, पार्किंगच्या लाईटी नाहीत, आतला दिवासुद्धा नाही. चार जणांनी धक्का मारला तरी उपयोग नाही, कारण या गाड्यांना डिझेल आत सोडायलाच करंट लागतो, जुन्या गाडीसारखं उतारावर सोडून गिअर टाकून जमत नाही.

तेव्हा जवळच्या एका बॅटरीवाल्याला बोलवलं, त्यानं बॉनेट उघडलं, बॅटरीकडं बघितलं आणि 'आतून गेली' म्हणाला. व्होल्टेज मोजायचा मीटर लावला नाही, काही नाही. सकाळपासून उपाशी होतो, घरी जायची घाई होती, मी हो म्हणालो. जुनी बॅटरी एक्स्चेंजमध्ये देऊन वर साडेसहा हजार दिले, नवी बसवली, गाडी एका सेल्फात चालू. मग मला तरी शंका कशाला येईल, बॅटरी बदलली आणि गाडी चालू झाली म्हणजे बॅटरीच खराब होती असंच कोणीही म्हणणार.

बरोबर अकरा दिवसांनी, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेची गर्दी चालू होती त्या दिवसांत, पहाटे पाच वाजता कांद्याच्या तीस पिशव्या भरून आलो, यार्डाच्या अलीकडं टपरीवर चहाला थांबलो, परत येऊन सेल्फ मारला आणि पुन्हा तेच, टक् आणि अंधार. माल भरलेला, लिलाव तर कोणासाठी थांबत नाही. दुसरा टेम्पो बघून पिशव्या त्यात टाकल्या, त्याचे सहाशे गेले. सोबत भाचा होता, त्याला मालाबरोबर पाठवलं आणि मी गाडीपाशी थांबलो. ओळखीच्यानं एक मेकॅनिक पाठवला, तो स्कॅनर घेऊन आला, स्कॅनर गाडीला जोडला तर स्कॅनरच चालू होईना, तर म्हणाला ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडालाय, वीस-बावीस हजार धरून चला, जुना मिळाला तर बघतो. माझे हातपायच गळाले. सीझनचा अर्धा कांदा अजून शेतात आणि गाडीवर हा खर्च.

तेव्हा तो हमाल म्हणाला, दादा एवढे पैसे घालायच्या आधी अण्णांना एकदा दाखवा, इथनं चालत पाच मिनिटं आहे.

अण्णा साठीच्या आसपासचे असतील. गाडी जागची हलत नाही म्हटल्यावर पिशवीत सामान घेऊन माझ्याबरोबर चालत आले. आणि आल्यावर पहिली पाच मिनिटं त्यांनी बॉनेटला हातच लावला नाही, नुसतं विचारत होते. एकदम गेलं का हळूहळू? आधी लाईट मंद व्हायची का? सेल्फ मारताना गेलं का चालू गाडीत गेलं? आधी असं कधी झालेलं का, तेव्हा काय केलं? मी सगळं सांगितलं, बॅटरीचं पण सांगितलं. म्हणाले, "मालक, एक दिवा गेला तर त्या दिव्याची वायर बघायची. सगळंच एका टायमाला गेलं ना, मग जिथनं सगळ्यांना जातंय तिथंच बघायचं. बॅटरी, दोन जाड केबल आणि मेन फ्यूज. पुढचं वायरिंग नंतर."

मग मीटर काढला. बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांना लावला, टर्मिनलच्या पट्टीला नाही, आतल्या शिशाच्या खुंटीलाच, हे त्यांनी मुद्दाम दाखवलं. १२.५ व्होल्ट. मला म्हणाले आत बसून हेडलाईटचं बटण चालू करा. केलं. लाईट लागली नाहीच, पण मीटरसुद्धा १२.५ वरच, पॉईंटभर हलला नाही. म्हणाले बघा, बटण चालू आहे आणि बॅटरीला पत्ताच नाही, म्हणजे बॅटरीतनं करंट बाहेरच पडत नाहीये. तरी नव्या बॅटरीवर त्यांनी आंधळा विश्वास ठेवला नाही, पिशवीत एक हेडलाईटचा बल्ब होता दोन वायरी डकवलेला, तो सरळ बॅटरीला लावला, लख्ख पेटला, मीटर १२.४ वर टिकला. म्हणजे बॅटरीत दोष नाही.

पुढचा भाग मला सगळ्यात पटला आणि तो प्रत्येक गाडीवाल्यानं समजून घ्यावा असं मनापासून वाटतं. हेडलाईटचं बटण बंद करायला लावून त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी गाडीच्या बॉडीला लावली. मीटरनं दाखवलं १२.३. मी म्हणालो अण्णा इथं तर करंट येतोय. ते म्हणाले थांबा, आणि त्याच दोन जागी तो बल्ब लावला. बल्ब पेटलाच नाही, आतली तार लालसुद्धा झाली नाही, आणि बल्ब लावलेला असताना मीटर बघितला तर एक व्होल्टसुद्धा नाही. कारण मीटरला चालायला करंट जवळपास लागतच नाही, केबलची एक तार जरी कुठं चिकटून राहिली असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, पण हेडलाईटच्या बल्बाला चार-पाच अँपिअर लागतात आणि डिझेल गाडीच्या सेल्फला दोनशेच्या वर, ते त्या एका तारेतनं कुठनं जाणार. त्यामुळं नुसता मीटर लावून 'करंट येतोय' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, लोड टाकून बघायला सांगा.

मेन फ्यूज दोन्ही बाजूंनी बघितला, ठीक होता, प्लसची केबल पण ठीक. मग एक जाड जंपर केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटीला, दुसरं इंजिनच्या लोखंडाला धरलं, मला बटण परत चालू करायला लावलं, आणि दोन्ही हेडलाईटी भसकन लागल्या. मी तिथंच हॉर्न मारला. पहाटेपासून मेलेली गाडी ओरडली तेव्हा खरंच गळा भरून आला.

म्हणजे मायनसची केबल, ज्याला आपण अर्थिंग म्हणतो ती. आमच्या गाडीत टर्मिनलमधून एक फाटा बॉडीला जातो आणि एक इंजिनला, आणि दोन्ही फाटे जिथं टर्मिनलला दाबून बसवलेत तिथंच गेलेलं. बाहेरनं बघाल तर काहीच दिसत नव्हतं, टर्मिनल घट्ट, वरचं काळं रबर चांगलं. अण्णांनी केबल सोडवली, ब्लेडनं रबर चिरलं आणि आत जे निघालं ते मी हातात घेऊन बघितलं. तांबं राहिलेलंच नाही, चार-पाच इंच सगळी निळी-हिरवी भुकटी, चिमटीत धरली की चुरा होत होता, मधे दोन-तीन तारा तेवढ्या काळ्या पडून राहिलेल्या. मी म्हणालो अण्णा हे तर मोरचूद आहे, आम्ही बागेवर बोर्डो (बुरशीचं औषध) मारायला शंभर लिटरला एक किलो चुना आणि एक किलो मोरचूद घालतो, अगदी तसलंच. ते म्हणाले मोरचूदच आहे ते, बॅटरीचं ॲसिड गंधकाचं, केबल तांब्याची, दुसरं काय तयार होणार. ॲसिड टर्मिनलजवळ झिरपतं आणि दिव्यातली वात तेल ओढते तसं तारांमधून रबराच्या आत चढत जातं, वरनं वर्षानुवर्षं कळत नाही.

मग नव्या बॅटरीवर अकरा दिवस गाडी कशी चालली, तर त्या बॅटरीवाल्यानं टर्मिनल काढून परत बसवताना केबल हलली, त्या उरलेल्या तारा कुठंतरी परत टेकल्या, आणि सेल्फच्या ओढीनं पुन्हा जळून तुटेपर्यंत गाडी चालली, एवढंच. माझी जुनी बॅटरी चांगली असण्याचीच शक्यता जास्त असं अण्णा म्हणाले, आणि ती तर एक्स्चेंजमध्ये गेली. त्या दिवशी एक मीटर आणि एक बल्ब लावला असता तर दहा मिनिटांचं काम होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि स्कॅनरचं पण ऐका, स्कॅनर जिथं जोडतात त्या सॉकेटमध्ये त्याला गाडीचाच करंट मिळतो. गाडीचीच अर्थिंग तुटलेली, मग स्कॅनर पेटणार कशावर. स्कॅनर चालू झाला नाही म्हणून ईसीएम गेला असं होत नाही, आधी सॉकेटला सप्लाय आहे का ते बघावं लागतं. हे मला आता कळलं, तेव्हा मी वीस हजारांची जुळवाजुळव कुठनं करायची ते मनात मोजत होतो.

केबल नवीन बनवली, ३५ स्क्वेअर एमएमची, आधीच्यापेक्षा जाड. केबलच्या टोकाचे थिंबल पान्यानं ठोकून बसवले नाहीत, लांब दांड्याच्या दाबायच्या पकडीनं दाबले, वर स्लीव्ह चढवून गरम केली. तोवर भाचा माल विकून परत आला होता, तो मदतीला वाकला तर अण्णांनी आधी त्याच्या हातातलं कडं काढायला लावलं, कारण पाना किंवा कडं प्लसवरनं बॉडीला टेकलं तर हात भाजतो आणि बॅटरीजवळ ठिणगी नको. बॉडीला जिथं बोल्ट लागतो तिथला रंग आणि गंज घासून पांढरं लोखंड काढलं, मग बोल्ट आवळून वर पेट्रोलियम जेली. शेवटी परत मीटर, एक पिन मायनसच्या खुंटीवर, एक इंजिनवर, आणि भाच्याला सेल्फ मारायला लावला. सेल्फ फिरताना ०.१५ व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब समजायची म्हणाले. डायनमोचं चार्जिंग बघितलं, १४.२, ठीक.

बिल झालं ११५०, त्यात केबल, थिंबल, टर्मिनल आणि मजुरी सगळं. मी जास्त द्यायला लागलो तर घेतले नाहीत.

आता ज्या गोष्टी जमल्या नाहीत त्या पण सांगतो. दुकानाला सावली नाही, पत्र्याखाली फक्त अण्णा आणि त्यांचं टेबल बसतं, जानेवारी होता म्हणून निभावलं, एप्रिल-मे मध्ये सोलापूरच्या उन्हात तिथं दोन तास उभं राहणं अवघड आहे, पाणी आणि टोपी घेऊनच जा. फोन उचलत नाहीत, मी नंतर चार वेळा लावून बघितला. जीएसटीचं बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर लिहून देतात, पण काय घातलं, मीटरला किती आलं ते सगळं लिहिलेलं असतं, तो कागद मी गाडीत ठेवलाय. आणि स्कॅनर नाही त्यांच्याकडं, सेन्सर वगैरेचं काम असेल तर सरळ सांगतात की हे माझं काम नाही, दुसरीकडं जा. घाईच्या माणसाला त्यांचा स्वभाव जड जाईल, माझ्या पाठीमागनं आलेला एक ट्रकवाला 'लवकर बघा की अण्णा' म्हणून मागं लागला होता, तर हातातली केबल पूर्ण झाल्याशिवाय त्यांनी मान वर केली नाही. मला तेच बरं वाटलं.

त्यानंतर दोन महिने झाले, कांदा संपला, द्राक्षाच्या पेट्यांच्या खेपा चालू आहेत, गाडी रोज पहिल्या सेल्फात चालू होते. हेडलाईटसुद्धा आधीपेक्षा जास्त पडते, म्हणजे ती आधीपासूनच मंद होत चालली होती आणि मी रोज बघत असून माझ्या लक्षात आलं नव्हतं. गावातल्या अजून दोन गाड्या मी त्यांच्याकडं पाठवल्या, एकाचा डायनमो निघाला, दुसऱ्याला काहीच झालं नव्हतं, तर मीटर लावून बघितलं आणि पैसे न घेता परत पाठवलं.

माझ्याकडनं पाचपैकी पाच. सोमवारी बंद असतं, सकाळी साडेनऊच्या आधी जाऊ नका. गाडी दुकानासमोर लावायला जागा नाही आणि मागनं ट्रक सुसाट येतात, त्यामुळं थोडं पुढं वजनकाट्याच्या कडेला लावा आणि चालत येऊन अण्णांना सांगा, ते पिशवी घेऊन येतात.