चकमक आणि गारगोटी: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा वापर

पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी पाण्याचा बंब आणि मागच्या दारची चूल अजून चालू आहे. सुट्टीला आम्ही तिथेच असतो. दिवाळीच्या सुमारास मी ऑनलाइन चकमक संच मागवला. त्यात पोलादाची वाकवलेली पट्टी, एक दगड आणि कापसाची डबी, किंमत साडेपाचशे. तेव्हापासून बंब शक्यतो काडेपेटीविना पेटवते आहे.

आधी संचाबद्दल. दगड उत्तम, पट्टी कुचकामी. चकमकीत जळतं ते लोखंड. दगडाची धार पोलादाचा बारीक कीस काढते, घासताना तो तापतो आणि हवा लागताच पेटतो. त्यासाठी पोलाद कडक लागतं. माझ्या पट्टीवर कानस लोण्यासारखी चालली, म्हणजे तिला धड पाणीच दिलेलं नव्हतं, तापवून पाण्यात बुडवून कडक केलेली नव्हती. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, ‘सराव करा.’ शेवटी आठवडे बाजारात बसणाऱ्या लोहारमामांकडून जुन्या कानशीचा तुकडा वाकवून, पाणी देऊन घेतला. शंभर रुपये घेतले आणि तिथेच दोन घाव मारून ठिणग्याही दाखवल्या.

दगडाला तर पैसे मोजूच नका. आपल्याकडचा काळा पाषाण यासाठी बाद, त्याची धार टिकत नाही. पण त्याच पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये गारगोटी आणि अकीक तयार होतात, आणि ओढ्याच्या पात्रात ते सुटे मिळतात. काचेवर ओरखडा काढतो आणि फोडल्यावर पात्यासारखी कड देतो, तो दगड घ्यायचा. घोडनदीकाठच्या इनामगावला साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी याच जातीच्या दगडाची पाती वापरत. कड बोथट झाली की दुसऱ्या दगडाने कपची उडवून नवी काढायची. हे करताना चष्मा घाला, कपच्या डोळ्याच्या उंचीला उडतात.

आता खरं काम कापसाचं. संचातला कापूस पांढरा, साधा. त्यावर कितीही ठिणग्या पाडा, तो ढिम्म. चकमकीची ठिणगी बारीक आणि क्षणभराची असते, तिला आधीच अर्धवट जळालेलं काहीतरी लागतं. मी जुन्या सुती पंच्याचे तुकडे बूटपॉलिशच्या रिकाम्या डबीत भरते, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडते आणि डबी निखाऱ्यांवर ठेवते. भोकातून धूर येतो. तो थांबला की डबी उतरवायची, पण पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर हवा लागून आतलं सगळं राख होतं. बाहेर येणारी चिंधी काळी, हलकी आणि चिमटीत चुरा होणारी हवी. तपकिरी राहिली तर परत डबीत. हल्लीच्या ‘कॉटन’ कपड्यांत बऱ्याचदा पॉलिएस्टर असतं, ते वितळून डबीला चिकटतं. काटेसावरीचा कापूसही वापरून पाहिला. उन्हाळ्यात बोंडं फुटली की झाडाखाली हवा तेवढा पडलेला असतो. कोळशाची वस्त्रगाळ पूड चोळली तर तो ठिणगी धरतो, पण माझ्या हाताला चिंधीच जास्त भरवशाची वाटते.

पेटवायची रीत अशी. डाव्या हातात दगड, कड बाहेर. चिंधी कडेच्या किंचित मागे अंगठ्याने दाबून धरायची. पोलाद वरून खाली, कडेला खरवडत न्यायचं. ठोकायचं नाही. ठिणगी बसली की चिंधीवर मोहरीएवढा केशरी ठिपका दिसतो आणि कडेकडेने पसरत जातो. आता घाई नको, तो आपसूक विझत नाही. नारळाच्या काथ्याचं मोकळं घरटं करून त्यात तो ठेवायचा आणि खालून लांब, संथ फुंकर घालायची. आधी विरळ धूर येतो, मग दाट, पिवळसर. धूर डोळ्यांत जायला लागला की समजावं जमतंय. मग एकदम जाळ होतो, तेव्हा घरटं हातात नसलेलं बरं.

सासूबाई हे सगळं ओट्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, ‘आगं, इस्तू इझू दिला तर चकमकीची पाळी. इझू कशाला द्यायचा?’ आणि त्यांनी रात्री चुलीतला गोवरीचा निखारा राखेत पुरून दाखवला. सकाळी राख उकरली, वर सुकी गोवरी चुरून टाकली, फुंकणीने दोन फुंका, झालं. त्यांच्या माहेरी निखारा विझलाच तर शेजारून खापरात आणायचे. चकमक असायची ती रानात, चिलीम ओढणाऱ्यांच्या बटव्यात. तेव्हापासून आम्ही गावी सलग राहतो तेव्हा मी चकमक फक्त पहिल्या दिवशी काढते. संचाच्या माहितीपत्रकात निखारा राखण्याबद्दल एक अक्षर नाही. माझ्या मते जुन्या पद्धतीतलं सगळ्यात उपयोगी ज्ञान तेच आहे.

लाकडावर लाकूड घासण्याचाही प्रयत्न करून झाला. धूर निघाला, निखारा नाही, खांदे मात्र भरून आले. अग्निहोत्री घरांत पिंपळाच्या अरणी, म्हणजे घासायची लाकडं, वापरून आजही अग्नी काढतात, पण तिथे एकाने मंथा, म्हणजे फिरणारा उभा दांडा, दाबून धरायचा आणि दुसऱ्याने त्याची दोरी ओढायची असते. एकट्या माणसाने चकमकच घ्यावी.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. काळी चिंधी हवेतली ओल लगेच ओढते, आषाढात उघडी डबी दुपारपर्यंत निकामी. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवली आणि वापरण्याआधी चुलीच्या उबेला धरली तर चालते, पण चूलच पेटवायची असेल तेव्हा ऊब आणायची कुठून? त्या दिवसांत मी सरळ काडेपेटी घेतली. 2021 च्या डिसेंबरात तिची किंमत एकाची दोन रुपये झाली तेव्हा लोक कुरकुरले होते. इतकी खटपट केल्यावर मला ती फुकटच वाटते.

ट्रेकवाल्यांनी हा संच घेऊ नये. दुकानात ‘फायर स्टार्टर’ म्हणून मिळणारी काळी कांडी वेगळी, तो 1903 साली निघालेला फेरोसेरियम नावाचा मिश्रधातू. लायटरचा खडाही त्याचाच. त्याची ठिणगी इतकी तापट की साधा पिंजलेला कापूसही भडकन पेटतो. तरीही राखीव जंगलात यातलं काहीही पेटवू नका. 1927 च्या वन कायद्यात तो गुन्हा आहे, आणि उन्हाळ्यात डोंगरावरचं गवत पेटायला एवढीशी ठिणगी पुरते.

अंगणात चूल असेल तर संच न घेता लोहाराचं पोलाद घ्या. विकत घेण्याआधी पट्टीवर कानस फिरवून बघा. कानस घसरली तर घ्या, कीस निघाला तर परत ठेवा.