सदतीस नाटकं, तीन नट आणि एक हॅम्लेट उलटा

इंग्लंड-अमेरिकेत राहत असाल आणि गावातल्या छोट्या थिएटरात ‘द कम्प्लीट वर्क्स ऑफ विल्यम शेक्सपियर, अब्रिज्ड’ (म्हणजे ‘संक्षिप्त’) हे विनोदी नाटक लागलं असेल, तर तिकीट काढाच. लंडनच्या क्रायटेरियन थिएटरात हे नाटक १९९६पासून नऊ वर्षं चाललं खरं, पण त्याचा जन्म कॅलिफोर्नियातल्या जत्रेत, टोपी फिरवून पैसे गोळा करणाऱ्या खेळातला. नट हाताच्या अंतरावर असले की ते रंगतं.

तीन नट शेक्सपियरची ३७ नाटकं उरकतात. विनोद वरून चिकटवलेला नाही, तो मूळ नाटकातच सापडलेला आहे. ‘टायटस अँड्रॉनिकस’मध्ये राणीला तिच्याच मुलांचं मांस भरून भाजलेला ‘पाय’ हा पदार्थ खाऊ घालतात, म्हणून इथे त्याचा टीव्हीवरचा पाककृतींचा कार्यक्रम होतो. राजांची नाटकं म्हणजे मुकुटासाठी खेचाखेच, म्हणून मुकुटाचाच चेंडू करून अमेरिकन फुटबॉलचा सामना. जुळी भावंडं, वेषांतर, बुडालेलं जहाज हे सगळीकडे तेच ते, म्हणून सोळा सुखात्मिकांची मिळून एकच गोष्ट. शेक्सपियरवरची इतकी नेमकी टीका क्वचितच ऐकायला मिळते. ‘ऑथेल्लो’चं रॅप मात्र आता जुनं वाटतं, तिथे लय सांभाळणारा नट नसेल तर प्रवेश पडतो.

मध्यंतरानंतर फक्त ‘हॅम्लेट’. हॅम्लेटची प्रेयसी ओफेलिया, तिच्या किंकाळीसाठी प्रेक्षकांतून एकीला वर बोलावतात आणि बाकी प्रेक्षकांचे तीन गट करून प्रत्येक गटाला ओफेलियाच्या मनाच्या एकेका भागाचं काम वाटून देतात. मग तेच नाटक आणखी वेगात, आणखी वेगात आणि शेवटी उलटं. बहुतेक संच इथेच चुकतात. पहिला ‘हॅम्लेट’च धावत केला, तर पुढे वेग वाढवायला जागा उरत नाही. शिवाय शब्द गिळले जातात, आणि मूळ वाक्य नीट ऐकू आलं नसेल तर ते उलटं केल्यावर हसू येणार कसं? मधेच ‘माणूस ही काय अजब निर्मिती’ हे हॅम्लेटचं भाषण अगदी सरळ, गंभीरपणे म्हणायचं असतं. चांगल्या प्रयोगात तेव्हा सभागृह चिडीचूप होतं. ते भाषण शांतपणे पेलणारा नट असेल, तर तो प्रयोग दुसऱ्यांदाही बघावा.

बायकांच्या जवळजवळ सगळ्या भूमिका एकच नट केसांचे टोप बदलत करतो. विंगेत कपडे घेऊन उभा असलेला माणूस इथे चौथ्या नटाइतकाच महत्त्वाचा, कारण एन्ट्री दोन सेकंद चुकली तरी हशा जातो. संहितेत स्थानिक संदर्भ घालायला मोकळीक आहे, तेव्हा संचाने ते ताजे ठेवायलाच हवेत.

जाण्याआधी ‘रोमिओ-ज्युलिएट’ आणि ‘हॅम्लेट’ची गोष्ट माहीत असली की पुरे. देवलांचं ‘झुंझारराव’ (‘ऑथेल्लो’चं मराठी रूप) किंवा आगरकरांचं ‘विकारविलसित’ (‘हॅम्लेट’चं) वाचलेल्यांना जास्त मजा येईल. काही विनोद चावट आहेत, लहान मुलांना नेण्याआधी विचार करा. वर बोलावलेलं चालणार असेल तर पुढच्या रांगा घ्या, नसेल तर मधल्या.